मागच्या डाव्या दाराचा आवाज

४ ऑक्टोबर १९९८, रविवार

काल हुबळीहून शिवानीचं पत्र आलं. डोहाळजेवण सासरी झालं की बाळंतपणाला इकडे येते म्हणते. पहिलटकरणीने माहेरी यायचं, हा रिवाज तिच्या सासूलाही मान्य आहे. आई नसली तरी आत्या आहे, बाप आहे. एकोणतीस नोव्हेंबरला, रविवारी, जावई अभिराजराव तिला रेल्वेने घेऊन येतील. पण पत्र संपल्यावर समासात आडव्या दोन ओळी आहेत: "अप्पा, मी त्या गाडीत बसणार नाही. स्टेशनपासून घरापर्यंतसुद्धा नाही. तीच गाडी येणार असेल तर मी इथेच बाळंत होते."

तीन वर्षं पोरगी त्या गाडीत बसलेली नाही. स्वतःच्या लग्नाच्या हॉलवर रिक्षाने गेली, शालूसकट. जुन्या रेक्झिनचा वास तिला सोसत नाही, असं मी धरून चाललो आहे.

तेव्हा ठरलं. गाडी बदलायची.

चिक्कपेटेत माझं तराजूदुरुस्तीचं दुकान आहे. भाजीवाल्यांचे तराजू नव्हेत, प्रयोगशाळेतले, काचेच्या पेटीत बसवलेले, केसाचं वजन सांगणारे. माझं शिक्षण सातवी. जर्मन पुस्तकातल्या आकृत्या बघून तराजू शिकलो आणि शब्दकोश मांडीवर घेऊन गाडीचं मॅन्युअल वाचलं. आज प्रोफेसर लोक मला 'जयसिंगराव, जरा बघता का' म्हणून बोलावतात. ही गाडी चौऱ्याहत्तरची, माझ्याकडे शहात्तरपासून. बावीस वर्षांत तिला दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नाही.

निवडीचे नियम लिहून ठेवतो. गाडी मध्यम आकाराची, वेगळी डिकी असलेली. नावाला भुलायचं नाही म्हणून या वहीत गाड्यांना क, ख, ग म्हणेन. रस्त्यात बंद पडण्याचा संभव कमीत कमी. आणि मागची सीट इतकी लांब हवी की मध्यम उंचीच्या बाईला पाय थोडे मुडपून आडवं होता यावं. जुन्या गाडीत ते नीट जमलं नव्हतं.

विकण्याआधी जुन्या गाडीतला एक दोष काढायचा आहे. मागच्या डाव्या दारातून आवाज येतो. बारीक, काचेवर काच लागावी तसा. तीन-चार ठोके, मग थांबतो. वेग तीसच्या आसपास असताना. सदोष वस्तू मी कुणाच्या गळ्यात घालणार नाही.


७ ऑक्टोबर, बुधवार

दाराचं आतलं पॅनेल तिसऱ्यांदा काढलं. काच वर-खाली करणारी पट्टी साफ केली, ग्रीस भरलं, खाचेत नवं फेल्ट बसवलं. फेरी मारून आलो. मिनर्व्हा सर्कलच्या आधी आवाज. चार ठोके.

परत आल्यावर पुन्हा पॅनेल काढत होतो. तानूअक्का, माझी थोरली बहीण, पायरीवर बसून सोप्पु, म्हणजे पालेभाजी, निवडत होती. माझी बायको सोयरा गेल्यापासून घर तीच बघते.

"काय शोधतोस रे त्या दारात?"

"आवाज."

"कसला?"

मी दहाचा पाना काचेवर हळू वाजवून दाखवला. तिचा हात भाजीतच थांबला.

"तो बांगड्यांचा आवाज आहे, जयसिंग."

"अक्का, दारात बांगड्या कुठून येतील?"

"ते मला नको विचारू. तीन वर्षं दार उघडतोस, लावतोस. मागे कधी बसलास का?"

चालवणारा माणूस मागे कशाला बसेल? अक्काला यंत्रातलं काही कळत नाही.


१२ ऑक्टोबर, सोमवार

क पाहिली. मागच्या सीटला टेप लावला, चार बोटं कमी भरली. खात्री करायला आडवा पडून पाहिलं. शोरूममधल्या मुली तोंडावर हात धरून हसल्या. हसू देत. माझं काम झालं. क नापास.


२१ ऑक्टोबर, बुधवार. बलिप्रतिपदा

अक्काने सकाळीच तबक तयार ठेवलं होतं. हळद, कुंकू, चार लिंबं नव्या गाडीच्या चाकांखाली ठेवायला. मी म्हटलं, मुहूर्तासाठी घाई करणार नाही.

"एकोणतीसला लेक स्टेशनवर उतरेल," अक्का म्हणाली, "तेव्हा काय तिला वही दाखवणार?"

लिंबांचं लोणचं घातलं तिने.


२५ ऑक्टोबर, रविवार

ख चालवून पाहिली. सोबत शोरूमचा माणूस, ध्रुव नावाचा, पुण्याचा. मी मराठीत बोललो तसा खुलला.

"सर, तुम्ही कोल्हापूरकडचे का?"

"बंगळूरचा."

"नाही, म्हणजे मूळचे?"

"मूळचा बंगळूरचा. साडेतीनशे वर्षं."

"बाप रे. मला साडेतीन महिने झाले. अजून 'स्वल्प अड्जस्ट माडी', जरा सांभाळून घ्या, याच्या पुढे माझं कन्नड गेलं नाही."

बोलतो खूप, पण गाडीचं ज्ञान बरं आहे. सीट नियमात बसते, चार बोटं उरतात. स्टीअरिंग हलकं, ब्रेक सरळ रेषेत. हेब्बाळचं तळं मागे टाकून देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. ऐंशीपर्यंत नेली, सुरेख. मग मुद्दाम कमी करत तीसवर आणली.

ठोके. चार. मागे, डावीकडे.

"ऐकलंस?"

"काय सर?"

"मागच्या डाव्या दारात."

त्याने मान वळवून पाहिलं. "सर, ॲक्च्युअली ही ट्रायलची गाडी आहे, बाराशे किलोमीटरसुद्धा झाली नाहीये. मागे तर कुणीच नाहीये."

"मागे कुणी आहे असं मी म्हटलं नाही."

तिथूनच परत फिरलो. मी वेग तीसच्या वर ठेवला.

दोन वेगळ्या कारखान्यांच्या गाड्या, चोवीस वर्षांचं अंतर, आणि दोष एकच. हे शक्य नाही. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतं आहे.


१ नोव्हेंबर, रविवार

दोषाचं मूळ शोधायचं तर नोंदी मागे नेऊन पाहाव्या लागतात. गाडीच्या जुन्या वह्या काढल्या. बावीस वर्षांत रस्त्यात बंद पडली सात वेळा. पहिल्या सहा नोंदींत दाराच्या आवाजाचा उल्लेख नाही. सातवी नोंद जशीच्या तशी उतरवतो:

'१८ मे १९९५, गुरुवार. दुपारी २.१०, लालबाग वेस्ट गेटसमोर गाडी बंद. कारण: कंडेन्सर निकामी. पुढच्या कप्प्यातला सुटा कंडेन्सर बसवला. वेळ ११ मिनिटं. ऊन फार. काम चालू असताना मागून टिकटिक, सायलेन्सर निवत असावा. २.२१ ला इंजिन सुरू. हॉस्पिटल २.३०.'

खाली: 'सोयरा गेली.'

जेवण झाल्यावर छातीत कळ आली तिच्या. शिवानीने तिला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं आणि मी निघालो. अकरा मिनिटांत कंडेन्सर, तेही तापलेल्या इंजिनावर. गॅरेजवाल्याला तास लागला असता. मी गाडी सुरू केली आणि तिला पोचवलं. पोचवलं, हे शिवानीने ध्यानात घ्यायला हवं होतं. त्या अकरा मिनिटांनी फरक पडला असता का, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

यानंतरच्या प्रत्येक पानावर दाराचा आवाज आहे.


६ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात होतो. विज्ञान संस्थेतून आलेला तराजू पेटीत बसवून पारडी स्थिर व्हायची वाट बघत होतो. पेटीच्या काचेवर ठोके पडले. चार. समोर कुणी नव्हतं. काटा हलला नाही.

काटा हलला नाही म्हणजे आवाज झालाच नाही. यंत्र खोटं बोलत नाही.

दुकान लवकर बंद केलं.


१४ नोव्हेंबर, शनिवार

ख च्या शोरूममध्ये पुन्हा गेलो. ठरवलं होतं, गाडी उभी असताना दार स्वतः तपासायचं. ध्रुवला म्हटलं, मी मागे बसून बघतो.

डावीकडे बसलो. काच, खाच, कडी, सगळं घट्ट. खाली वाकून दाराच्या तळाला हात लावून पाहत होतो, तेवढ्यात ध्रुव पुढून म्हणाला, "सर, इंजिन दाखवतो तुम्हाला, आवडेल," आणि त्याने बॉनेट उघडलं.

मी वर पाहिलं. समोरची काच भरून पत्रा. शोरूमचे दिवे गेले, रस्ता गेला, ध्रुव गेला. त्याचा आवाज येत होता, "फ्युएल इंजेक्शन आहे सर, कंडेन्सर-बिंडेन्सरची कटकटच नाही," आणि दिसत काहीच नव्हतं. हात नाही, डोकं नाही. बाजूला सरकून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. मागे बसलेल्याला बॉनेटपलीकडचा माणूस दिसत नाही.

बावीस वर्षांत मी शेकडो वेळा बॉनेट उघडलं असेल. मागून ते कसं दिसतं, हे मला आज कळलं.

ध्रुव पाणी घेऊन आला. मी किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे.

"सर, बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटलं, बॉनेट लाव.


१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शिवानीला फोन लावला. अक्का शेजारी उभी होती, तिला आत जा म्हटलं. गेली नाही.

मी म्हटलं, "एक विचारायचं होतं. त्या दिवशी लालबागपाशी. तुमच्या दोघींना मी दिसत होतो का?"

"नाही अप्पा."

"अजिबात?"

"बॉनेट वर होतं ना. आई विचारत होती, हे कुठे गेले. मी म्हटलं, इथेच आहेत, पुढे."

"मग हाक का नाही मारलीस?"

"दोनदा मारली. तुम्ही म्हणालात, झालंच."

मला हे आठवत नाही. लिहिलेलंही नाही.

"एक रिक्षावाला थांबला होता," ती म्हणाली. "येतो का हॉस्पिटलला, म्हणाला. तुम्ही म्हणालात, बेड, ऐदु निमिष. नको, पाच मिनिटं. तो गेल्यावर आई काच वाजवायला लागली. धूर येतो म्हणून मी काच वर केली होती. हातात शक्ती नव्हती, नुसत्या बांगड्या लागत होत्या काचेला. चार वेळा वाजवायची, दम घ्यायची, परत."

"तू उतरून यायचं होतंस."

"तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं, अप्पा."

मग ती म्हणाली, "रिक्षासाठी नव्हती वाजवत ती. तिला कळलं होतं. तिला तुम्ही तिथे हवे होतात, बस. मला तीन वर्षं वाटतंय, तुम्हाला ऐकू गेलं होतं आणि तुम्ही आला नाहीत."

मी म्हटलं, सायलेन्सर निवताना तसाच आवाज होतो.

ती म्हणाली, "तसाच होतो?"

मी गाडीचं विचारलं, कोणती घेऊ. ती म्हणाली, "कुठलीही घ्या. मोजून घ्या, न मोजता घ्या. पण बंद पडली तर उतरून पुढे जाऊ नका. मागे या."

फोन ठेवल्यावर अक्का म्हणाली, "जेवून घे." तिला सगळं ऐकू गेलं होतं.


१६ नोव्हेंबर, सोमवार

तसाच होतो का, हे तपासता येतं. म्हणून तपासलं.

दुपारी दोन वाजता जुनी गाडी लालबागपर्यंत नेऊन आणली, इंजिन पुरेसं तापवलं. अंगणात उभी केली. बॉनेट उघडलं. आधी मी स्वतः पुढे वाकून उभा राहिलो. सायलेन्सर निवण्याचा आवाज आला. तो खालून येतो, जड असतो, ठोक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत जातं. मला बावीस वर्षं माहीत असलेला आवाज. तो काचेसारखा नसतो.

मग अक्काला बोलावलं. तिला म्हटलं, इथे उभी राहा, डोकं आत घाल, कंडेन्सरकडे बघत राहा. काही ऐकू आलं तर लक्षात ठेव, नंतर सांग. जागेवरून हलायचं नाही.

"कशाला ही थेरं?"

"उभी राहा म्हटलं ना अक्का."

मी मागे डावीकडे बसलो. काच वर केली. समोर पत्रा, अक्का नाही. पदराचं टोकसुद्धा नाही. रस्त्यावरून बस जाईपर्यंत थांबलो, म्हणजे गोंगाट त्या दिवसाइतका असावा. बस आली तेव्हा पान्याने काचेवर वाजवलं. जोर लावला नाही. चार ठोके. थांबलो. परत चार.

दुसरा चौकार पुरा व्हायच्या आत अक्का दारापाशी होती. हाताला काळं लागलेलं, काचेतून आत बघत होती. मी काच खाली केली.

"तुला हलू नकोस म्हटलं होतं."

"कुणी वाजवलं तर माणूस बघायला येणारच की रे," ती म्हणाली.

निष्कर्ष:


१७ नोव्हेंबर, मंगळवार

काल त्या शब्दापुढे काही लिहिता आलं नाही. आज लिहितो. मला ऐकू गेलं होतं. ते सोयराचं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं की नव्हतं, हे मला सांगता येत नाही. मी मान वर केली असती तर कळलं असतं. स्क्रू अर्धा बसला होता, आणि मला वाटलं, हा बसवतो आणि जातो.

शिवानीला हे फोनवर सांगितलं. याच शब्दांत, वहीतून वाचून. ती रडली नाही. म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मी येते, अप्पा."


१९ नोव्हेंबर, गुरुवार

ख घेतली. ग पाहिलीच नाही. ध्रुवने विचारलं, "सर, त्या आवाजाचं काय झालं?" मी म्हटलं, गाडीत दोष नाही. त्याला फार बरं वाटलं.

रंग शिवानीने सांगितला, जुन्या गाडीचा पांढरा सोडून कुठलाही. गडद निळी आहे. शनिवारी मिळेल.


२४ नोव्हेंबर, मंगळवार

जुनी गाडी बघायला नागनाथ नावाचे एक गृहस्थ आले, देवनहळ्ळीचे. द्राक्षं पोचवायला हवी म्हणाले. मी सगळं सांगितलं, रिंग कधी बदलले, ब्रेक कधी. दाराचंही सांगितलं. त्यांनी फेरी मारली, मी मागे बसलो.

"राव, मला तर काही ऐकू आलं नाही."

"मला येतं."

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. "मग तो तुमच्याकडेच राहू द्या," म्हणाले, "गाडी मी नेतो."

गेली. अंगणात तेलाचा डाग राहिला आहे. अक्का रोज घासते. जात नाही.


२९ नोव्हेंबर, रविवार

रेल्वे वेळेवर आली. शिवानी डब्याच्या दारात उभी होती, एक हात कमरेवर. चेहरा भरला आहे, डोळ्यांखाली काळं आहे. नव्या गाडीभोवती एक फेरी मारली तिने, मागे बसली. अभिराजराव पुढे, माझ्या शेजारी.

म्हैसूर बँक सर्कलला पोलिसाने हात केला. कुणी मंत्री जायचा होता, सगळी वाहनं अडवलेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पुढच्यांनी इंजिनं बंद केली. मीही किल्ली फिरवली.

इंजिन थांबताच मागे शिवानीच्या श्वासाचा आवाज बदलला. आरशात पाहिलं. ती समोरच्या काचेकडे बघत होती.

मी दार उघडून उतरलो.

"काय झालं मामा?" अभिराजरावांनी विचारलं.

"काही नाही. रस्ता बंद आहे."

मागचं उजवं दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसलो. बसल्यावर काय बोलायचं ते कळेना. मला चालवताना, आरशात बघून बोलायची सवय. तीच बोलू लागली. रेल्वेत समोर एक आजी होती, हुबळीपासून दावणगेरेपर्यंत स्वतःच्या नऊ बाळंतपणांची हकीकत सांगत होती. सातव्याच्या वेळी म्हणे बाळंत झाल्यावर संध्याकाळी म्हैस पिळली. अभिराजराव घाबरून वरच्या बर्थवर जाऊन बसले. शिवानी हसत सांगत होती, मी ऐकत होतो. मधेच पोटावर हात ठेवून थांबायची, मग पुढे सांगायची.

मंत्री गेला. पुढची वाहनं हलली, मागची हॉर्न वाजवायला लागली. पोलीस आमच्या बॉनेटवर थाप मारून "होग्री सार, होग्री" म्हणाला. मी दाराच्या कडीला हात घातला.

"बसा हो," शिवानी म्हणाली. "आजीचं अजून आठवं राहिलंय."

मी बसलो. अभिराजराव दोन्हीकडे बघून हळूच स्टीअरिंगमागे सरकले. "मी घेऊ का मामा?"

मी म्हटलं, घ्या.

रामकृष्ण आश्रमापाशी आठवं बाळंतपण अर्धवट सोडून शिवानीला डुलकी लागली. अभिराजराव क्लच उशिरा सोडतात, आणि तिसरा गिअर फार लवकर टाकतात. मी काही बोललो नाही.